सासूबाईंची एनओसी

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात स्टाफरूममधले डबे थंड होतात ते किस्स्यांमुळे. त्यातून एखादी सिस्टर परराज्यात तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर निघाली, की मग बघायलाच नको. यंदा नंबर स्मिता तावडेचा. कोचीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, हार्ट ऑपरेशननंतरचा आयसीयू. आमच्याकडे तो नाही आणि तिला ते काम शिकायचंच होतं. धाकधूक एकच, "माझ्याशिवाय घर चालायचं नाही गं."

* * *

कॉन्ट्रॅक्ट जमवून देणाऱ्या एजन्सीच्या मुलीने फोनवर विचारलं, "मॅडम, एका रूममध्ये दोघी. चालेल ना?"

भांडुपच्या वन रूम किचनमध्ये पाच जणांत राहणारी स्मिता गांगरली. "दोघीच? भीती नाही वाटणार?"

* * *

मग लसी. पेशंटच्या फायली आम्हाला तोंडपाठ, स्वतःच्या लसींचा पत्ता नाही. हिपॅटायटिसचा डोस पुन्हा घ्यायचं ठरलं. सुई मी धरली. सगळ्या वॉर्डाला "मुंगी चावेल फक्त" सांगणारी स्मिता डोळे मिटून भिंतीला चिकटली.

"मुंगी चावेल फक्त," मी म्हटलं.

"तुझी मुंगी घेऊन तूच जा कोचीला."

* * *

तिकडे काम करायचं तर इथल्या नर्सिंग कौन्सिलची एनओसी लागते. ती चकरा मारून मिळाली. सासूबाईंची अडकली.

"तीन महिने? घर कोण बघतला?"

"तुम्ही."

"माका काय जमता?"

स्मिताने हात टेकले आणि बॅग परत माळ्यावर टाकायला घेतली. पण सासूबाईच म्हणाल्या, "ठेव ती खाली. फक्त थयसून रोज फोन करून इचारू नको, जेवलात काय म्हणान."

* * *

निघायच्या दिवशी तिने नवऱ्याला रीतसर हँडओव्हर दिला. ड्युटी बदलताना आम्ही देतो तसाच, पेशंटसमोर उभं राहून. "हे बाबा. बीपीची गोळी सकाळी, गोड बंद."

खुर्चीतून सासरे म्हणाले, "गोडाचं नाही सांगितलंस तरी चालेल. त्याला एकदम सगळं झेपायचं नाही."

* * *

तीन महिने संपले. स्टेशनवरून तिला घरी सोडायला मीच गेले होते. घर लख्ख होतं, सासऱ्यांचं बीपी नॉर्मल, मुलगी शांतपणे अभ्यास करत होती. स्मिता मला चहा करायला ओट्याशी गेली. एक डबा उघडला, दुसरा उघडला, मग पुन्हा पहिलाच उघडला.

सासूबाई उठल्या. "चायपूड हय. साखर थय, वरच्या फळीवर. लायटर खालच्या खणात." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय गावला नाय तर माका इचार. पयलोच दिवस आसा तुझो."