पितळी चकत्यांचा दफ

माझी आई ताम्हिणीचा घाट चढून सासरी आली. तिचं माहेर घाटाखाली, माणगावच्या बाजूला. तेव्हा घाटातली वाट इतकी वाईट होती की निम्मं वऱ्हाड चालतच मालेला, आमच्या गावी, पोचलं, असं अब्बा सांगायचे. अम्माच्या सामानात गोधडीत गुंडाळलेला एक दफ होता. आमच्या मावळात लोक त्याला डफ म्हणायचे आणि ती प्रत्येक वेळी ‘दफ’ म्हणून दुरुस्त करायची. शाहिराच्या डफापेक्षा तो लहान होता, डाव्या हातावर सहज पेलायचा. त्याच्या कडेला खाचा पाडून पितळेच्या पातळ चकत्या बसवलेल्या होत्या. थाप पडली की आधी कातडं बोलायचं आणि त्याच्या मागोमाग चकत्या छनछनायच्या. तो तिला तिच्या आईने दिला होता.

आम्ही मुलाणी. थोडं भाताचं रान होतं आणि बाजाराच्या दिवशी पौडला मटणाचं दुकान लागायचं. आजूबाजूच्या वाड्यांतली घरं धरूनही आमची जमात छोटीच. पत्र्याची मशीद होती आणि तिथे अब्बा अजान द्यायचे. त्यांचा आवाज ऐकून शेतातली माणसं भाकरी सोडायला बसायची, मग ती कुणाचीही असोत. आणि अम्माचा आवाज तर सगळ्या गावाला माहीत. मराठ्यांच्या घरी हळद असो की बौद्धवाडीत लग्न, बोलावणं यायचंच. ती डोक्यावर पदर नीट घ्यायची, दफ काखेत मारायची आणि निघायची. मी तिच्या मागे चालायचे तेव्हा बायका दारातून बघायच्या. ही माझी आई आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून मी तिचा पदर धरून ठेवायचे.

आणीबाणी उठल्यावर वर्षभरात जमातीने मशिदीसाठी एक मौलाना आणला. मराठवाड्यातला, विशी नुकतीच ओलांडलेला, सडपातळ. आम्हा पोरांना तो अलिफ-बे शिकवायचा. चुकलं तरी हात उगारायचा नाही, फक्त डोळे मिटून घ्यायचा. त्याचं जेवण घराघरांतून पाळीने जायचं. आमच्या पाळीला मात्र अम्माने ताट पाठवलं नाही. परक्या गावात एकट्याने काय जेवायचं, म्हणून ती त्याला ओटीवरच बोलवायची.

एका जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, त्याने गाण्या-बजावण्यावर बयान केलं. गाणं माणसाला नमाजापासून दूर नेतं, वाद्यं ऐकणं जायज नाही, असं तो म्हणाला. अब्बांनी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा अम्मा तांदूळ निवडत होती. बुबूचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न उन्हाळ्यात ठरलेलं होतं. अम्माने सूप बाजूला ठेवलं आणि मौलानांच्या जेवणाची आपली पाळी कधी आहे एवढंच विचारलं.

मौलाना जेवायला आले तेव्हा ती आतल्या दाराआड उभी राहिली. मी वाढत होते.

“मौलाना, माझ्या मुलीच्या लग्नात मी दफ वाजवायचा की नाय?” तिने विचारलं.

त्यांनी घास खाली ठेवला. लग्नात दफ वाजवायला मनाई नाही, ते म्हणाले. उलट निकाह चारचौघांना कळावा म्हणून तो वाजवावा असंच आहे. बायकांनी बायकांत बसून चांगल्या शब्दांची गाणीही म्हणावीत. अडचण होती ती चकत्यांची. छनछनणारा दफ चालत नाही, असं त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. तारेची वाद्यं, बाजा, रेडिओवरची गाणी, यांचं तर बोलायलाच नको.

“हे तुम्हाला पटलंय, की नुसतं शिकवलंय?”

“दोन्ही, खाला,” मौलाना म्हणाले. अम्माला ते मावशी या अर्थाने खाला म्हणायचे.

“मग मलाही पटवा. पटलं तर आजच्या आज चकत्या काढते. पण नुसतं सांगितलं म्हणून नाय काढणार.”

मला वाटलं, आता ते उठून जातील. ते उठले नाहीत. पुढच्या पाळीला येताना त्यांनी कापडात बांधलेली किताब आणली. ओटीवर बसून ते वाचायचे, अर्थ सांगायचे, आणि अम्मा दाराआडून प्रश्न विचारायची. चकत्यांनी काय बिघडतं? बैलाच्या गळ्यातली घुंगरं चालतात का? बाळाच्या खुळखुळ्याचं काय? मौलाना कधी हसायचे, कधी रागवायचे, कधी ‘बघून सांगतो’ म्हणायचे आणि खरंच बघून यायचे. आमटी गार होऊन जायची. शेजारणींनी अम्माला सुचवलं की इतका वाद आहे तर त्याला जेवायला कशाला बोलावतेस. ती म्हणाली, “वाद दफाचा आहे, ताटाचा नाय.” उलट त्या दिवसांत ती आमच्या पाळीला आंबेमोहोराचा भात करायला लागली. एरवी तो पाहुण्यांसाठी राखलेला असायचा.

दोघांपैकी कुणालाच पटेना. तेव्हा अब्बांनी पुण्याला जाऊन एका जुन्या आलिमांना, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांना, विचारायचं ठरवलं. लग्नाचं कापड घ्यायचं होतं, म्हणून मलाही बरोबर नेलं. मशिदीमागच्या खोलीत ते म्हातारे आलिम भिंतीला टेकून बसले होते. अब्बा त्यांच्यासमोर गुडघे मोडून बसले. मी उंबऱ्याबाहेर चपलांजवळ होते, पण दार उघडं असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

आलिमांनी अब्बांना शेवटपर्यंत बोलू दिलं. मग सांगितलं की या गोष्टीवर शेकडो वर्षं मोठमोठ्या उलेमांचं एकमत झालेलं नाही. कुणी सगळ्याच वाद्यांना हराम म्हणतं. कुणी दफ तेवढा वेगळा काढतं, त्यातही कुणाला चकत्या चालतात, कुणाला नाही. कुणी म्हणतं, शब्द काय आहेत, बैठक कसली आहे, नमाज चुकतो का, ते बघा. ईदच्या दिवशी हुजूरांच्या, म्हणजे पैगंबरांच्या, घरी दोन मुली दफ वाजवून गात होत्या; कुणीतरी त्यांना गप्प करायला गेलं तेव्हा हुजूरांनीच राहू दे म्हटलं, तेही त्यांनी सांगितलं. आणि तेवढ्यावरून सगळंच जायज झालं असंही समजू नका, हेही लगेच बजावलं.

“मग खरं काय समजायचं?” अब्बांनी विचारलं.

“तुमचे मौलाना चुकीचं बोलत नाहीत. तुमच्या घरच्या पण चुकत नाहीत.”

“म्हंजी फतवा न्हाई मिळायचा?”

आलिम हसले. “हवा असेल तर देतो. पण तो घेऊन तुम्ही भांडायला जाल. ज्यानं माणसं तुटतील ते करू नका, एवढंच सांगतो.”

परतीच्या बसमध्ये, पौड जवळ आलं तेव्हा अब्बा म्हणाले, “लई शहाना मानूस. पन आपलं काम काय झालं न्हाई.”

आम्ही पुण्याला गेल्याची बातमी जमातीत पसरली आणि तिने भलतंच वळण घेतलं. जमातीचे प्रमुख वयस्कर होते, मुंबईला गोदीत आयुष्य काढून गावी परतलेले. मौलानांना आणण्यात त्यांचाच पुढाकार होता. बाईमाणसाने मौलानाला प्रश्न विचारावेत आणि नवऱ्याने तिची बाजू घेऊन पुणं गाठावं, हे त्यांना झोंबलं. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. आमच्या घरच्या लग्नात दफ वाजला तर निकाह वाचला जाणार नाही आणि घरही जमातीबाहेर राहील, असं त्यांनी जाहीर केलं.

पुढचं अब्बांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितलंय, आणि दर वेळी सांगताना ते ताठ बसायचे. अब्बा उठणार होते, पण त्यांच्या आधी मौलाना उठले. ज्या माणसाने त्यांना गावात आणलं त्याच्याच समोर उभे राहून ते म्हणाले, “मी मसला सांगितला, काय जायज आणि काय नाही ते. शिक्षा सांगितली नव्हती. ज्याच्यावर उलेमांचंच एकमत नाही, त्याच्यावरून कुणाला जमातीबाहेर काढायचं, असं मला कुणी शिकवलेलं नाही. निकाह मी वाचणार.”

प्रमुख काही तरी पुटपुटले आणि चपला घालून निघून गेले. बाकीचे अब्बांच्या आसपास घुटमळत राहिले. मग एकेक जण सलाम करून पांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा दफ आणि अब्बांची पक्कड घेऊन ओटीवर बसली. चकतीमधली तार वळवायची, ओढायची, चकती काढून पदरात ठेवायची. तार गंजलेली होती, तिच्या बोटाला लागलं, तरी ती कुणाला हात लावू देईना. अब्बा गोठ्याकडून आले आणि बघतच राहिले.

“म्हंजी तुला पटलं?”

“नाय पटलं.”

“मग का काढतीस?”

“त्या पोरानं सगळ्यांसमोर आपली बाजू राखली. आता माझ्या लेकीचा निकाह वाचताना त्याच्या मनात किंतु राहायला नको.”

अब्बा तिच्याशेजारी बसले आणि निघालेल्या तारा गोळा करायला लागले.

लग्नाला वऱ्हाड पुण्याजवळच्या सूसहून आलं. तेव्हा सूस म्हणजे ज्वारीची शेतं आणि कौलारू घरं. बँड आणायचा त्यांचा बेत होता, पण अब्बांनी आधीच नको म्हणून कळवलं होतं. पाहुण्यांना वाटलं, मौलानांमुळे. खरं म्हणजे अब्बांना बँडचा गोंगाट पहिल्यापासून सहन व्हायचा नाही. जांभळीच्या डहाळ्या घातलेल्या मांडवात पुरुष बसले, आत बायका. मौलानांनी निकाह वाचला, खजूर वाटले गेले, आणि आतून दफावर पहिली थाप पडली.

चकत्यांशिवायचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. जाड, घुमणारा, थेट छातीत येणारा. बायका क्षणभर एकमेकींकडे बघायला लागल्या. अम्मा गाणी जागच्या जागी जुळवायची. त्या दिवशी तिने बुबूसाठी जुळवलं:

घाटाच्या वाटंनं मी गं आले डोंगरात,
लेक माझी निघाली गं सपाटीच्या शिवारात.

बुबू रडली, मी रडले, बौद्धवाडीतल्या अम्माच्या मैत्रिणी आणि पाटलांच्या सुना ध्रुपद धरून गायल्या. अम्मा मात्र रडली नाही. तिचा सूर कुठे हलला नाही की थाप चुकली नाही. मी खिडकीतून मांडवात बघितलं. मौलाना उठून गेले नव्हते. खजुराची बी हातात धरून, मान खाली घालून ते बसून होते. प्रमुखही शेवटी आले होते आणि मांडवाच्या कडेला का होईना, जेवायला बसले होते.

लग्नानंतर पाटलांच्या घरी हळद निघाली तेव्हा अम्माने चकत्या परत बसवल्या. नवी तार आणली आणि स्वतःच ओवली. हळदीनंतरच्या आमच्या पाळीला मौलाना जेवताना म्हणाले, “खाला, आवाज मशिदीपर्यंत आला.”

“कसा होता?” दाराआडून अम्माने विचारलं.

“मसला तोच आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

अब्बांनीही आपल्यापुरतं ठरवून टाकलं. रेडिओवर बातम्या लागायच्या, कधी कव्वाली लागायची, आणि अजानच्या वेळेआधी ते स्वतः बटण बंद करून मशिदीकडे निघायचे. मौलानांना ते माहीत होतं. दोघं नमाजाच्या एकाच सफेत, एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे राहायचे.

दोनेक वर्षांनी मौलानांचं लग्न झालं आणि ते बायकोला घेऊन आले. ती माझ्याहून थोडीशीच मोठी. आमच्याकडचा पाऊस बघून ती घाबरून गेली होती, घराबाहेर पडायची नाही, कुणाशी बोलायची नाही. अम्मा एका दुपारी इरलं घेऊन गेली आणि तिला आमच्या घरी घेऊन आली. घाट चढून परक्या मुलखात येणं काय असतं, ते अम्माला कुणी सांगायची गरज नव्हती. मग मौलानांची बायको रोज यायला लागली. अम्माने तिला गा म्हणून कधी म्हटलं नाही. एके दिवशी वाल सोलता सोलता तीच गुणगुणायला लागली: तिच्या मुलखातल्या कापूस वेचणाऱ्या बायकांचं गाणं. अम्माने हातातलं काम थांबवून ते परत म्हणायला लावलं. त्यानंतर दुपारभर दोघींचं चालायचं. कधी ती शिकवायची, कधी अम्मा. मौलाना तिला न्यायला आले की अंगणाच्या कोपऱ्यावरच मोठ्याने खाकरायचे, आतलं गाणं संपेपर्यंत तिथेच थांबायचे आणि मग दाराशी यायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही.

पुढे त्यांची दुसऱ्या गावाला नेमणूक झाली. मी डी.एड. करून शिक्षिका झाले, आमच्या जमातीतली नोकरी करणारी पहिली मुलगी. पौडच्या बाजूच्या शाळेत पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलन माझ्याकडे आलं. मी मुलींना ते कापूस वेचणीचं गाणं बसवून दिलं. आमच्या भागात कुणी कापूस पाहिलेला नव्हता, त्यामुळे मुलींना हात कसे करायचे तेही शिकवावं लागलं. अम्मा दुपारीच येऊन पहिल्या रांगेत बसली होती. मुली गायला लागल्या तेव्हा शेजारच्या सरपंचीणबाईंनी तिला विचारलं, हे गाणं कुठलं.

अम्माने पदर सारखा केला आणि मागच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आमच्या मौलानांच्या घरचं.”