वकीलकाका आणि ताईची सही

आमच्या वकीलकाकांइतका अस्वस्थ माणूस साऱ्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही. दादरला त्यांचं ऑफिस होतं, पण तिथे त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खुर्ची दिसली की ते तिच्यावर पिशवी ठेवत आणि पक्षकाराला म्हणत, "चला, चालता चालता बोलू." मग शिवाजी पार्कला फेऱ्या सुरू. बक्षीसपत्राला तीन, मृत्युपत्राला पाच, आणि भावाभावांचं भांडण असेल तर दम लागेपर्यंत. वरळीचे दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकांनी दोघांना भर दुपारी असं पिदवलं की चौथ्या फेरीला धाकट्याने थोरल्याचा खांदा धरला आणि सहाव्या फेरीला दोघे मिळून काकांना शिव्या देऊ लागले. झाली तडजोड! पिशवीचीही तीच तऱ्हा. काका अस्सल मालवणी, त्यामुळे तळाला सुके बोंबील आणि वर लोकांच्या इस्टेटी. "माझी फाईल कुठल्याच टेबलावर पडून राहत नाही," असं ते अभिमानाने सांगत. खरंच होतं ते. कारकून नाकाला रुमाल लावून आधी तीच निकालात काढत.

अशा माणसाकडे मी गेलो, तेव्हा त्यांच्याहून जास्त घाई मला होती. आईच्या मागे लालबागची आमची दोन खोल्यांची जागा मला आणि ताईला मिळून आली होती. जुनी इमारत पाडून नवी व्हायची होती, बिल्डरचा माणूस रोज कागद मागत होता, आणि नव्या फ्लॅटवर माझं एकट्याचं नाव असावं असं मला वाटत होतं. प्रभादेवीला दिलेल्या माझ्या ताईने हक्कसोडपत्राला एका शब्दात होकार दिला. मला वाटलं, आठ दिवसांचं काम. पण काकांचा एक हट्ट असे. हक्क सोडणाऱ्याने त्यांना स्वतः जागा फिरून दाखवायची. "काय सोडतेय ते आधी नीट बघू दे तिला," ते मला म्हणाले. "तू गप ऱ्हव."

रविवारी ते आले. ताई पुढे, काका मागे, आणि मी दारात घड्याळ बघत. "ह्या खिडकीत बसून मी बारावीचा अभ्यास केला," ताई सांगत होती. "ह्याची दहावी होती ना, आतली खोली ह्याला लागायची." मग ती आईच्या खाटेच्या जागी जरा थांबली. शेवटची दोन वर्षं आईला आंघोळ घालायला ती प्रभादेवीहून रोज सकाळी यायची. मी तेव्हा झोपलेला असायचो. हे काही तिने काकांना सांगितलं नाही, मला आपोआप आठवलं.

मोरीपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत काकांनी विचारलं, "काय गो बाय, मनापासून देतंस मां?"

"हो काका. मला माझं घर आहे की तिकडे. ह्यालाच लागेल."

नोंदणी कार्यालयात आम्ही टोकन घेऊन बसलो होतो, काका अर्थात उभे. ताई पाणी आणायला गेली तसे ते माझ्यापुढे आले. "तिचं बोलून झालं. आता तुला काही बोलायचं असेल तर बोल. हा कागद फाडायला मला वेळ लागत नाही. बिल्डरच्या नव्या करारात दोघांची नावं घालू."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला पुरतं कळलं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात बोर्डावर आमचा नंबर लागला.

"काका, नंबर आला," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. ताईने सही केली, अंगठा दिला, आणि खाली उतरल्यावर "भूक लागली असेल रे तुला" म्हणत मलाच वडापाव खाऊ घातला.

काका जाऊन आता वर्ष झालं. त्यांची फार आठवण येते. कुठे भेटले तर म्हणावंसं वाटतं, काका, मला बोलायचंय. नवा फ्लॅट छान आहे, वारा भरपूर येतो. ताईही येते. जुन्या जागेत ती जिन्यातूनच हाका मारत थेट स्वयंपाकघरात शिरायची. आता बेल वाजवते, चपला काढते, आणि मी "ये" म्हणेपर्यंत दारातच उभी राहते.