टाक्याची वही

बार्टुलनं बेटावरचं घर विकलं आणि कागदांचे अकरा खोके माझ्यापुढे आणून आदळले. बार्टुल माझा मेव्हणा. माझी बहीण पेरिना जाऊन सहा वर्षं झाली. शनिवारी किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि स्प्लिट शहरात मुलीकडे त्याच्या वाट्याला एकच खोली.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. ढीग लावायला मला वेळ लागत नाही. कौलं बदलल्याचा दाखला, वायरिंगचा नकाशा नव्या मालकिणीला. विक्रीचा करार आणि मोठ्या दुरुस्तीच्या पावत्या बार्टुलजवळ. बॉयलरची जुनी हमीपत्रं शेगडीत.

"अगं हळू, मास्तरीणबाई! तो बॉयलर चांगला होता."

"मेला तो. चर्चमध्ये प्रार्थना ठेवायचीय का त्याच्यासाठी?"

मग निळी वही निघाली, अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या दगडी टाक्याची. मालकीण झाग्रेबची, दातांची डॉक्टर. उन्हाळ्यात टाकं पूर्ण उपसून आतून बघणार म्हणत होती. उन्हाळ्यात टाकं कोरडं पडलं की आतला चुन्याचा गिलावा तडकतो, तळाशी पाणी राखावंच लागतं. हे तिला कोण सांगणार? मी वही तिच्या ढिगावर टाकली. बार्टुलनं उचलून घेतली.

"ही नाही."

"मग टाकं तडकेल."

"तडकता कामा नये."

"तर मग वही दे."

"नाही म्हटलं ना!"

मी चिडून वही हिसकावली, उघडली. अक्षर पेरिनाचं. बार्टुल जेमतेम चार यत्ता शिकलेला. तो दोर धरून टाक्यातून वर यायचा, चुन्यानं माखलेला, आणि सांगायचा; ती लिहायची. भेग कुठल्या कोपऱ्यात, चुन्यात वाळू किती, तळाशी पाणी किती बोटं राखलं. एकोणचाळीस वर्षं, एकही साल चुकलेलं नाही. पुढची सहा वर्षं मोठी, वाकडी अक्षरं. त्यातली पहिली नोंद: 'मंगळवारी पेरिनाला पुरलं. गुरुवारी पाऊस. छपराचं पहिलं पाणी सोडून दिलं. दुसरं आत घेतलं. स्वच्छ.'

तो गुरुवार मला आठवतो. आम्ही सगळे काळ्या कपड्यांत स्वयंपाकघरात बसलो होतो, आणि हा माणूस पावसात उलथला कुठे म्हणून मी त्याला नाही नाही ते बोलले होते. तो शिडीवर होता, पन्हाळ टाक्याकडे फिरवत.

मी वही मिटली. "तू सांग, मी लिहिते. नक्कल तिला देऊ."

तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला आणि १९७९पासून सुरू झाला. दोन दिवस सांगत होता, वहीला हात न लावता. मग मी ताडून पाहिलं. वाळू, भेगा, पाण्याची बोटं, कशातच एका आकड्याचा फरक नाही. वर्गात मी हुशार मुलं पुष्कळ पाहिली. असलं काही पाहिलं नव्हतं.

"अरे, सगळं पाठ आहे तुला! मग वही कशाला हवी?"

"वाचायला कोण ठेवतंय?" म्हणाला, आणि वही कोटाच्या आत घातली.

शनिवारी किल्ल्यांबरोबर नक्कल गेली. डॉक्टरबाईंनी चाळली. "किती सुरेख अक्षर!" म्हणाल्या.

"हिच्या बहिणीचं जास्त सुरेख होतं," बार्टुल म्हणाला, आणि कोटाचं वरचं बटण लावलं.