सासूबाईंचा न काढलेला व्हिसा

आमच्या घरातले सगळे फॉर्म मी भरते. शाळेचे, कौन्सिलचे, पासपोर्टचे, सासूबाईंच्या यूके व्हिसाचेही. इंग्लंडात मिल्टन कीन्सला आल्यापासून कामांची वाटणी अशीच आहे. त्यामुळे त्या उन्हाळ्यात जे झालं ते विसरभोळेपणा म्हणून खपवता येत नाही.

सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार होत्या. त्याच काळात आम्ही तिघं, नवरा, मुलगी आणि मी, आठवडाभर एका लहानशा ग्रीक बेटावर जाणार होतो. आमचे पासपोर्ट ब्रिटिश, त्यांचा भारतीय. ग्रीससाठी त्यांना युरोपचा शेंगेन व्हिसा लागणार होता आणि तो भारतातून निघण्याआधीच काढायला हवा होता. मला हे पक्कं माहीत होतं. मी वेबसाइट उघडलीसुद्धा नाही. नवऱ्याला सांगितलं, "व्हिसाच्या अपॉइंटमेंटच मिळत नाहीयेत."

मला सात दिवस कुणाच्या चहाची वेळ सांभाळायची नव्हती, इतकंच. सासूबाई त्रासदायक नाहीत. त्या फक्त सतत असतात.

जाताना त्यांना लंडनजवळ पिनरला, नवऱ्याच्या मावसबहिणीकडे सोडलं. पहिले दोन दिवस मी नऊला उठले, पोहले, पुस्तक वाचलं, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावरून मुलीने व्हिडिओ कॉल लावला.

"आजी, पाणी एकदम वॉर्म आहे! तू आला असता तर पोहला असता!" इंग्लंडात वाढलेल्या तिच्या मराठीत सगळेच पुल्लिंगी.

"मी कसली पोहतेय गं! साडी भिजवून काठावर बसले असते." मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिला काही बोलू नकोस हां. बिचारीने किती खटपट केली. इथे येईल त्याला मी सांगते, सुनेने रोज कॉम्प्युटरवर बघितलं, पण ऑफिसवालेच दाद देईनात."

रोज बघितलं, हे मी कधीच म्हटलं नव्हतं. ते त्यांनी माझ्या बाजूने स्वतःच जोडलं होतं.

कॉल संपल्यावर नवऱ्याने फोनवर तक्रारीचा ईमेल लिहायला घेतला. "वयस्कर माणसांना एक अपॉइंटमेंट देता येत नाही म्हणजे काय? तू कुठल्या तारखा बघितल्या होत्यास?"

मुलगी पाण्याकडे पळाली होती. मी म्हटलं, "एकही नाही. मी बघितलंच नव्हतं."

त्याने लिहिलेलं सगळं पुसलं. "आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

उरलेले चार दिवस आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो.

पिनरहून सासूबाईंना घेऊन घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"आई, अपॉइंटमेंट मिळाली असती. मी प्रयत्नच केला नाही. मला आठवडाभर कुणी नको होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "कुणी म्हणजे मी."

"हो."

"मग तसं म्हणायचंस. तिकीट महिनाभर पुढचं काढलं असतं, मला काय घाई होती?" त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "पिनरला सगळ्यांपुढे मी तुझी बाजू मांडत बसले. आता त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, मी फोन करते. त्या म्हणाल्या, "नको. घरातलं घरात राहू दे."

राहिलेल्या तीन महिन्यांत त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त चहा स्वतः करून घेऊ लागल्या, आणि माझ्यासाठीही ठेवू लागल्या.

त्या पुण्याला परत गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. मी तीनदा विचारलं, व्हिसाचा फॉर्म भरू का. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "तुला मोकळं राहायचं नसेल ती तारीख सांग." त्यात टोमणा नसतो. त्या खरंच उत्तराची वाट बघतात. त्यांना हवी असते एक तारीख, आणि ती मी अजून सांगितलेली नाही.