करकरणारी जोडी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते थोरल्या मामांचे. कोल्हापूरकडच्या एका बाजारगावात ते चपला शिवत. त्या चपलांवरच माझं कॉलेज झालं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच.

सत्तरच्या दशकात मला चंदीगडला, इंडस्ट्रियल एरियातल्या एका सरकारी पादत्राण कंपनीत, डिझाइन विभागात नोकरी लागली. पहिलं वर्ष उमेदवारीचं. कायम करायचं की परत पाठवायचं, हे विभागाच्या साहेबांच्या हाती. त्या वर्षभर मला धड झोप लागली नाही.

साहेबांना परदेशी सँडलची नक्कल नको होती. आपल्या जुन्या कारागिरीवरून कंपनीचा नवा माल काढायचा होता. मी मामांना पत्र टाकून कानांची, वेणीची अशी कोल्हापुरी चपलांची एक जोडी मागवली. ती कुठून आली असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बाजारातून." घरी चामड्याचं काम चालतं हे तिथे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दिल्लीहून मोठे साहेब आले तो दिवस कडाक्याच्या थंडीचा होता. त्यांनी बूट काढून जोडी घातली आणि फरशीवर चालू लागले.

कर्र. कर्र.

"ओ जी, ये तो बोलती है!" कोणीतरी हसलं. "चोरी करने के काम की नहीं!"

मोठे साहेब माझ्याकडे वळले. "ये क्या है?"

आता संपलं, असं वाटलं. "खराबी है, सर," मी म्हटलं.

कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या सरदारजी कारागिरानं चप्पल हातात घेतली, कडेची शिवण उसवली आणि तळाच्या दोन थरांमधून एक बी काढून तळहातावर धरलं. "पुत्तर, खराबी नहीं. किसी ने प्यार से डाला है. किसने बनाई?"

ते रानातलं बी मी ओळखलं. चालताना करकर वाजावी म्हणून लग्नाच्या नाहीतर मानाच्या माणसाच्या जोडीतच मामा ते घालत. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मेरे मामाजी ने," मी म्हटलं.

"तो खराबी क्यों बोला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

"ती. मामांस साष्टांग नमस्कार. तुम्ही मानानं घातलेल्या बीला मी चारचौघांत खराबी म्हटलं. जोडी बाजारातून आणली, असंही आधी सांगितलं होतं. भीतीपोटी केलं, पण केलं. मोठ्या साहेबांनी दुसरी जोडी मागितली आहे. बी घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या नोकरीचं अजून काही कळलेलं नाही, आणि भीतीही गेलेली नाही. पण ती दुसरी जोडी टेबलावर ठेवताना ती कोणी केली, ते मी आधी सांगेन. मामींना नमस्कार."