भरून आलेला डबा

बहरीनला होतो तेव्हा चार वर्षं मी बायकोचा डबा खाल्ला नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला चाळीसेक वर्षं लागली, तेव्हा आता ते खोडत नाही.

ऐंशी सालच्या पुढेमागे मी मनामात एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. बायको सलमानियाच्या इस्पितळात, लॅबमध्ये. तिची शिफ्ट दुपारी दोन ते रात्री दहा. निघण्याआधी ती माझं जेवण तीन कप्प्यांच्या डब्यात भरून ओट्यावर ठेवायची. मला चार पातेल्यांतून धड वाढून घेता येत नाही असं तिचं मत होतं, आणि ते खरंच होतं.

पण संध्याकाळी खालच्या गल्लीतून निखाऱ्यावरच्या मटणाचा वास वर यायचा आणि त्यामागून माझा वसईचा मित्र. तो एका बड्या हॉटेलात रिसेप्शनवर होता. बँड, नाच, चकाकणारे पेले हे सगळं तिथे असे म्हणे. ड्यूटी संपली की त्याला त्यातलं काही नको असायचं. दारात उभा राहून तो विचारी, "काय पुणेकर, आज पण वरणभात? यल्ला, ऊठ."

आमचं नाइटलाइफ म्हणजे दोन टेबलांचं एक दुकान. सळईवरचे तिक्के, भट्टीतली गरम रोटी, कच्चा कांदा, मुळ्याचा पाला. मग फुटपाथवर खुर्च्या टाकून चहा. गाव इतकं शांत, की एक गाडी गेली तरी तिच्यावर दहा मिनिटं बोलता यायचं. नऊच्या आत आम्ही घरी.

डब्याचं काय करायचं? अन्न फेकणं माझ्या संस्कारात बसत नव्हतं. खोटं बोलणं कसं कोण जाणे, बसलं. आमच्या इमारतीचा राखणदार बुदैया गावाकडचा एक म्हातारा होता. राखणदाराला तिकडे नातूर म्हणतात. आमचा नातूर वयाने माझ्या आजोबांइतका, यावर मित्र रोज एकदा हसायचा. जाताना मी डबा त्याच्या हातात ठेवायचो. परत येईस्तोवर तो घासून लख्ख झालेला असायचा आणि वरच्या कप्प्यात काहीतरी असायचं. चार खजूर, एखादं वाळून काळं झालेलं लिंबू, कधी पुदिना. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत त्याच्याकडेही होती. खजूर मी जिन्यातच संपवायचो, बाकीचं खिडकीतून खाली. डबा ओट्यावर पालथा.

एका संध्याकाळी तिक्के जरा जास्तच झाले आणि मी वरचा कप्पा न बघताच झोपलो. सकाळी बायकोने तो उघडून माझ्यासमोर धरला. आत खजूर आणि दोन काळी लिंबं. ऑफिसात कुणीतरी दिली, असं मी म्हणालो. ती "बरं" म्हणाली. मला वाटलं, खलास, सुटलो.

यंदा दिवाळीत भाच्याने विचारलं, मामा, गल्फमध्ये संध्याकाळी काय करायचात? माझ्या तोंडून सगळं निघून गेलं, तिक्क्यांपासून नातुरापर्यंत. बायको समोर चकल्या पाडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आपलाच डबा आपल्याच घरी भरून कोण आणतं हो?"

तिला त्याच सकाळी कळलं होतं. दुपारी कामावर जाण्याआधी तिने डबा खाली नेऊन नातुराला खुणेनेच विचारलं. त्याने डब्याकडे बोट दाखवून पोटावर हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. आमटी गोड. त्या दिवसापासून तिने आमटीतला गूळ बंद केला, आमसुलाच्या जागी त्याचंच काळं लिंबू टाकलं, दोन पोळ्या वाढवल्या. पुढची तीन वर्षं माझ्या नावाचा तो डबा त्याच्या जिभेला धरून भरला जात होता.

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही सुधारला असतात. मग त्यांनी काय खाल्लं असतं?" चकलीचं शेवटचं टोक दाबून ती पुढे म्हणाली, "एक दिवस एक घास खाल्ला असतात, तरी तुम्हाला कळलं असतं."

दोन दिवसांनी मी म्हणालो, ती आमटी मला एकदा कर. काळं लिंबू कुठून आणणार, तिने साधं पिळलं. मी वाटीभर प्यालो, पुन्हा मागून घेतली. चांगली होती. त्यांना मीठ अंमळ जास्त लागायचं, ती म्हणाली.

वाटी मीच घासली. रिकामी परत द्यायला मन होईना. फ्रिजच्या कोपऱ्यात एक लिंबू सापडलं, ते वाटीत ठेवून ती बायकोपुढे धरली.

तिने ते बोटाने दाबून पाहिलं. "वाळलंय हे," म्हणाली, आणि आमसुलांच्या डब्यात टाकून ठेवलं.