आजोळी डुकरं होती

वैशाली काकूंनी ताराच्या हातातलं लाडवांचं ताट काढून घेतलं. ओढून नाही. हसत. "तू राहू दे हं बेटा," म्हणाल्या आणि ताट शेजारच्या मुलीकडे दिलं. तारा तिथेच उभी. हात तसेच पुढे केलेले. रिकामे.

तारा माझी मुलगी. आठ वर्षांची. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या रविवारच्या मराठी शाळेत जायची. शाळा म्हणजे चर्चचा भाड्याचा हॉल, आणि शिकवायला वैशाली काकू. त्या दिवशी दिवाळीचा कार्यक्रम होता. मुलांनी मोठ्यांना प्रसादाचे लाडू वाटायचे. भिंतीवर मुलांची चित्रं लावलेली. विषय होता 'माझं आजोळ'. भिंतीभर झोपाळे, तुळशी, आंब्याची झाडं. ताराचं चित्र कुठेच नव्हतं. ते तिच्या दप्तरात होतं. चार घड्या घालून.

ताराचं आजोळ सुमात्रात. माझी बायको तिउर तिथली, बाटाक जमातीची. वूस्टरच्या हॉस्पिटलात नर्स आहे, त्या दिवशी ड्यूटीवर होती. ताराने डोंगर काढला होता. उंच टोकाचं पत्र्याचं घर. आजी. घरामागे डुकरं, चांगली गुबगुबीत. खाली वाकड्या अक्षरांत लिहिलेलं, 'माझी आजी डुकरं पाळते. मला ती आवडतात.'

मी ते दप्तरातून काढून काकूंना विचारलं, "हे का नाही लावलं?"

"अहो, चित्र छान आहे हो. पण समोर फूडचं टेबल आहे ना. लोकांना कसंतरीच होतं. तुमच्या गावचं काढायला सांगा ना तिला. घाटावरचे ना तुम्ही? बैलगाडी, कौलारू घर, असं काहीतरी."

"आणि ताट का काढून घेतलं?"

काकू टेबलाकडे वळल्या. बोलले डॉक्टर काका. रिटायर्ड माणूस, चाळीस वर्षं इथे, कार्यक्रमात पहिली खुर्ची त्यांची. ते ताराकडे वाकले. "आजीकडे तू पण त्यांना हात लावतेस का गं? मग? प्रसादाला चालेल का ते?" मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाले, "मिक्स मॅरेजमध्ये हे होतंच. तुमचा दोष नाही. पण संस्कार आपल्यालाच बघावे लागतात, यार."

आपल्यालाच. मला त्यांनी आपल्यात धरलं होतं. माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. दर कार्यक्रमात ते विचारायचे, "मूळ गाव कुठलं? तिकडे कुठल्या आळीत?" मी गावाचं नाव सांगायचो. आळी नव्हतीच आम्हाला. गावाबाहेर पालं होती.

आम्ही वडार. बाप खाणीवर दगड फोडायचा. आई डुकरं राखायची. शाळेत मास्तर मला दाराशी बसवायचे. "वास येतो रे तुझा," म्हणायचे. पोरं नाकाला हात लावायची. माझ्या कॉलेजात जाण्यासाठी आईने एकेक डुक्कर विकलं. शेवटची मादी विकली तेव्हा आई दिवसभर पालाबाहेर आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिउरच्या गावी गेलो होतो. तळ्याच्या वर, पठारावर. थंडी, धुकं. भातशेतीचे चिमुकले तुकडे, बाकी कांदा, मिरची, थोडी कॉफी. सासू पहाटे डुकरांना रताळ्याचा पाला शिजवून घालायची. तिउरचं नर्सिंग त्याच डुकरांवर झालं. मला भाषा येत नव्हती. सासूच्या मागे मी पाटी घेऊन गेलो आणि डुकरांना घातलं. हात आपोआप चालले. सासू बघत राहिली. मग लेकीला काहीतरी म्हणाली. तिउर हसली. "ती म्हणते, याला कुणीतरी नीट शिकवलंय."

त्या गावात भेटला की माणूस आधी आडनाव विचारतो. मी विषय बदलायचो. मग समजलं, तिथे आडनाव विचारतात ते नातं लावायला. याला मामा म्हणायचं की मेव्हणा, हे ठरवायला. मला तिथलं कूळच नव्हतं, म्हणून तिउरच्या आत्याच्या नवऱ्याने मला आपल्या कुळात घेतलं. गाव जमलं. खांद्यावर विणलेली शाल घातली. डुक्कर कापलं, आणि नात्याप्रमाणे मांसाचा वाटा माझ्या हातात दिला. सगळ्यांसमोर. मला रडू आवरलं नाही.

रात्री तिउर म्हणाली, "फार भाळू नकोस. मी मुलगी. इथे माझ्या नावावर एक बांधसुद्धा नाही. आणि बघ, गावात उरलंय कोण?"

खरं होतं. म्हातारी माणसं आणि कुत्री. पोरं बारावी झाली की शहरात, बंदरावर, फॅक्टरीत. कांदा निघाला की भाव पडायचा. वरच्या डोंगरावरचं जुनं जंगल तोडून एका कंपनीने निलगिरी लावली होती, कागदासाठी. तेव्हापासून गावचा झरा उन्हाळ्यात आटतो. शाळेत मास्तर आला तर आला. गावात एकच बांधकाम नवं दिसायचं. थडगी. शहरात गेलेली मुलं पूर्वजांसाठी सिमेंटची थडगी बांधतात, राहत्या घरांहून मोठी. जिवंत माणसांसाठी परत कुणी येत नाही. सासूला मी तिउरकरवी विचारलं, "पुढे काय?" ती म्हणाली, "पुढे मी मरेन. मग सगळे येतील."

हॉलमध्ये डॉक्टर काका माझ्या मान हलवण्याची वाट बघत होते. ताराचे हात अजून खाली आले नव्हते.

मी म्हणालो, "काका, डुकरं माझ्या आईने पण पाळली. मी वडार आहे. इथे उभा आहे तो त्याच डुकरांवर."

आवाज चढला होता माझा.

"अरे, इथे जात कोण विचारतंय?" काका म्हणाले.

"तुम्ही. दर वेळी. आज उत्तर दिलं."

मी त्या दुसऱ्या मुलीच्या हातून ताट घेतलं आणि ताराच्या हातात ठेवलं. "वाट," म्हणालो. चित्र उघडून भिंतीवर चिकटवलं.

तारा पहिल्या रांगेपासून निघाली. "नको गं, शुगर आहे." "डाएट करतेय बेटा." "आत्ताच घेतला." कुणी वाईट बोललं नाही. सगळे गोड हसले. दोघा-तिघांनी घेतला, त्यातल्या एकीने नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला. तारा शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि जवळजवळ भरलेलं ताट घेऊन परत आली.

"बाबा, नोबडी वॉन्ट्स इट."

गाडीत तिने विचारलं, "वडार म्हणजे काय?" मी पार्किंग लॉटमध्येच थांबलो. दगड, पालं, डुकरं, मास्तर, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सो दे वर राइट अबाउट अस?"

तो प्रश्न माझ्या छातीत अजून रुतलेला आहे. मी "नाही" म्हणालो. पण तिने ताट फिरवलं होतं. माझ्या एका शब्दाने ते कसं पुसणार?

नंतर शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, 'सर्वांच्या भावनांचा आदर ठेवू या.' खाली हात जोडलेले. वैशाली काकूंचा फोन आला, "मनाला लावून घेऊ नका हं." तारा पुन्हा शाळेत गेली नाही. मराठीत बोललो की इंग्लिशमध्ये उत्तर देते. आधीही द्यायची, पण आता मुद्दाम देते.

थंडीत तिउरच्या भावाचा फोन आला. तो दूरच्या शहरात ट्रक चालवतो. जमीन त्याची, त्याने कंपनीला निलगिरीसाठी दिली. डुकरं विकली. आईला आपल्या एका खोलीच्या घरात नेलं. तिउर फोन ठेवून स्वयंपाकघरात बसली. म्हणाली, "तिला तिथे करायला काहीच नसेल." आमची पालं जिथे होती तिथे आता गोडाऊन आहे. मुलीला दाखवायला एकही जागा उरली नाही. ना आईची, ना बापाची. हे बदलेल असं मला वाटत नाही. शाळेतली मंडळी बदलतील असंही वाटत नाही. त्यांची मुलं हार्वर्डला जातील आणि तिथेही तसंच हसत सांगतील, शुगर आहे.

पण मी शाळेच्या मीटिंगला जातो. वर्षाची फी भरली आहे, हक्क आहे. पहिल्या रांगेत बसतो. कुणी नवीन माणूस शेजारी आला आणि हात पुढे केला, की नावाआधी सांगतो, मी वडार. काहींचा हात अर्ध्यावर थांबतो. थांबू दे. काही जण खुर्ची बदलतात. बदलू दे. डॉक्टर काका हल्ली मागे बसतात.

ज्याला उठायचं त्याने उठावं. मी उठणार नाही.